तफीदाच्या नावाची ओळ

उस्ताज फिक्रींनी आयुष्यात वर्तमानपत्रासाठी दोनदाच लेखन केलं. दोन्ही वेळा विषय एकच होता, त्यांची बायको. आणि दोन्ही वेळा नेमकी तीच मजकुरातून गळाली. पहिल्या वेळचा दोष त्यांचा स्वतःचा होता. दुसऱ्या वेळचा कोणाचा, यावर शुब्रा वस्तीतल्या त्यांच्या इमारतीत अजूनही दोन तट आहेत.

पहिला मजकूर त्यांनी ती गेली त्या सकाळी, औषधाच्या पावतीच्या मागच्या बाजूला लिहिला. दफन दुपारच्या नमाजाआधी उरकायचं होतं, पण अक्षर मात्र नेहमीसारखं वळणदार आलं. कुवेतचे इंजिनिअर रऊफ यांच्या मातोश्री, सुहागचे हाजी खलफ यांच्या भगिनी आणि पाणीपुरवठा खात्याचे निवृत्त अधीक्षक उस्ताज फिक्री अब्दुलमौला यांच्या पत्नी अल्लाच्या कृपेला पात्र झाल्या. दुसऱ्या दिवशी ज्यानं त्यानं मजकुराची तारीफ केली. निवेदन आटोपशीर होतं, मान राखणारं होतं, आणि कोण गेलं एवढं सोडून त्यात सगळं होतं.

हे ध्यानात यायला सोळा दिवस लागले. तेही भाजीबाजारात, हातात मुळ्याची जुडी असताना. एका ठेंगण्या, चष्मेवाल्या बाईंनी त्यांना हटकलं.

"अहो, तफीदा कुठं असते हल्ली? फोन उचलत नाही की काही नाही."

या सनियाबाई. तफीदाबरोबर प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवलेल्या. फिक्रींनी मुळ्याकडे बघत सांगितलं, की ती गेली. पेपरात दिलं होतं.

"कुठल्या पेपरात? मी रोज मागच्या पानापासूनच तर वाचते." मग बाई थांबल्या. "कुणा उस्ताज फिक्रींची बायको गेली, ती... ती तफीदा होती? मी वाचलं हो ते. बिचारे फिक्री, म्हटलं, कोण असतील ते असोत."

"मीच फिक्री," फिक्री म्हणाले.

"ते मला काय माहीत? शाळेत तुम्हाला सगळ्या तफीदाचे यजमान म्हणायच्या." बाईंनी चष्मा काढला. "आमच्यातली एकही आली नाही. आम्ही इथंच होतो, चार गल्ल्या पलीकडे, आणि एकही आली नाही."

मुळ्याची जुडी तिथंच विसरून फिक्री घरी आले. गेले सोळा दिवस ते त्या शाळेवर मनातल्या मनात चिडून होते. एकतीस वर्षं हिनं त्या पहिलीच्या वर्गात घसा फोडला, निम्म्या शुब्राला स्वतःचं नाव लिहायला शिकवलं, आणि शेवटाला शाळेतून एक माणूस फिरकला नाही, हे त्यांना लागलं होतं. आता कळलं की शाळेला निरोपच गेला नव्हता. निरोप त्यांनीच, सुवाच्य अक्षरात, अडवला होता.

बरं, यात त्यांनी मुद्दाम काही केलं होतं असंही नाही. लग्नपत्रिकेत ती 'हाजी अब्दुलआल यांची सुकन्या' होती. पहिलं वर्षभर घरात ती 'अगं, ऐकलंस का' होती, आणि पुढं जन्मभर रऊफची आई. फिक्रींच्या मोबाइलमध्ये तिचा नंबर 'घर' या नावानं होता, आणि खुद्द घरच्या फोनचा 'घर दोन' या नावानं. ओळखपत्राचं नूतनीकरण करताना व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' हा शब्दही त्यांनीच भरला होता, कारण 'निवृत्त शिक्षिका' त्या रकान्यात मावत नव्हतं. तिनं तेव्हा वाचून नुसतं "बरं" म्हटलं होतं. ते "बरं" फिक्रींना आता, सहा वर्षांनी, ऐकू आलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी ठरवलं. चाळिसाव्या दिवसाच्या शोकसभेचं निवेदन द्यायचं. तीन ओळी. पहिल्या ओळीत नाव, दुसरीत शाळा, तिसरीत मशिदीशेजारच्या सभागृहाचा पत्ता. हातात चोवीस दिवस होते. पाणीपुरवठा खात्यात चोवीस दिवसांत त्यांनी अख्ख्या वस्तीच्या नळजोडण्या मंजूर केल्या होत्या. निदान त्यांच्या आठवणीप्रमाणे तरी केल्या होत्या.

तीन ओळींचा कागद घेऊन ते जिना उतरत होते. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या नशअत बेंनी अडवलं. नशअत बे म्हणजे निवृत्त ब्रिगेडियर, 'बे' हा नावापुढचा मान. सैन्य सुटलं तरी जिन्यावरचा पहारा सुटला नव्हता. त्यांनी कागद हातभर लांब धरून वाचला.

"उस्ताज, हे काय? वाहनपरवाना हरवल्याची जाहिरात वाटते."

"तीनच ओळी पुरेत, बे."

"तुम्हाला पुरतील हो. लोक काय म्हणतील? बाईच्या मागं कोणी आहे की नाही? माणूस गेलं की त्याच्या मागं कोण उभं आहे ते दिसलं पाहिजे. आमच्या मेहुण्याच्या वेळी अर्धं पान होतं. मंत्रालयातला फोन आला होता, मंत्रालयातला." मग आवाज खाली आणून, "शेजारी म्हणून आमचं नाव घातलंत तर माझी काही हरकत नाही. हुद्द्यासकट."

फिक्रींच्या स्वभावात नकार हा प्रकार कमी. खात्यात ते नकार द्यायचे, पण तिथं त्यासाठी छापील फॉर्म होता. तेव्हा चौथी ओळ वाढली. चौथी वाढली ते तिसऱ्या मजल्यावरच्या मादाम सुहेरना ब्रिगेडियरांच्या पत्नीकडून कळलं. आजारपणात सूप कोणी आणून दिलं, हे त्यांनी न विचारता तारीखवार सांगितलं. पाचवी ओळ. मग कुवेतहून रऊफचा फोन.

"बाबा, नुसतं इंजिनिअर नका लिहू. विभागप्रमुख झालोय मी. आणि माझ्या सासऱ्यांना 'निवृत्त न्यायाधीश' लिहा, ते मनाला लावून घेतात. त्यांचे भाऊही लिहा, नाहीतर ते भाऊ मनाला लावून घेतात."

"रऊफ, हे तुझ्या आईचं आहे रे."

"म्हणूनच तर, बाबा. आईसाठी एवढंही नको का करायला?"

फिक्रींनी न्यायाधीश लिहिले, भाऊही लिहिले. आठवड्याभरात कागदावर बावीस नावं झाली. त्यांत एक टायरविक्रेते होते, त्यांना 'उद्योगपती' व्हायचं होतं. दाताच्या कवळ्या बनवणारा एक भाचा होता, त्याचं म्हणणं त्याच्या गल्लीत सगळे त्याला डॉक्टरच म्हणतात. फिक्रींनी दोघांनाही बढती दिली. नोकरीत असताना त्यांच्या स्वतःच्या बढतीला अकरा वर्षं लागली होती.

शेवटी सुहागचा फोन आला. हाजी खलफ म्हणजे तफीदाचा थोरला भाऊ, गावातलं मोठं प्रस्थ. फोनवर बोलायचा तोही शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलल्यासारखा.

"दाजी, तुम्ही म्हणे बहिणीचं नाव छापणार."

"हो, हाजी."

"नाव म्हणजे नाव?"

"तफीदा," असं फिक्रींना म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "तेच ते, तिचं."

"पेपर कुठं कुठं जातो ठाऊक आहे का? न्हाव्याकडं जातो. चहाच्या टपरीवर जातो. माझ्या बहिणीच्या नावात उद्या कुणी भजी बांधून नेईल. आमच्यात बाईचं नाव चारचौघांत नाही घेत. माझ्या आईचं नाव माझ्या पोरांनाही ठाऊक नाही."

"हाजी, तिच्या शाळेच्या बायकांना कळलंच नाही ती गेल्याचं."

"मग शाळेत एक माणूस धाडा. त्याला पेपर कशाला? आमच्याकडची नऊ नावं आहेत. लिहून धाडतो. तुमच्या यादीत ती जातील आणि हिचं जाणार नाही, एवढं बघा."

दोन दिवसांनी सुहागहून येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर कागद आला. नऊ नावं, खाली हाजींची भलीमोठी सही. सही अशी, की प्रत्येक अक्षर शेजारच्याचा हात धरून उभं आहे, आणि अरबी अक्षरांची टिंबं म्हणजे टिंबं नव्हेत, मण्यांसारखे पोकळ गोल. खेडवळ वळण, फिक्रींच्या मनात आलं, आणि त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला. नऊच्या नऊ नावं त्यांनी यादीत घातली. पण पहिल्या ओळीतलं नाव खोडलं नाही. मेहुण्याच्या शब्दाबाहेर जाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

वर्तमानपत्राच्या कार्यालयात खिडकीपलीकडच्या तरुणीनं एकतीस नावांची यादी बघितली आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत मागितली. कुणा वात्रटानं मागं एकदा एका जिवंत गृहस्थांचा चाळिसावा छापून आणला होता म्हणे. दाखल्याच्या प्रतीवर गरुडाचा सरकारी शिक्का हवा.

गरुडाचा शिक्का नागरी नोंदणीच्या कचेरीत मिळतो. निदान तो तिथं असतो, असं सर्व जाणकारांचं मत आहे. पहिल्या दिवशी शिक्केवाला नमाजाला गेला होता. दुसऱ्या दिवशी शिक्केवाला होता, पण शिक्का कुलपात होता, आणि किल्ली मादाम इल्हामकडं होती, आणि मादाम इल्हाम नातवाच्या सातव्या दिवसाच्या बारशाला इस्माइलियाला गेल्या होत्या.

"उद्या या," खिडकीतला माणूस म्हणाला.

हे दोन शब्द फिक्रींनी चौतीस वर्षं वापरले होते. खिडकीच्या या बाजूनं ते कसे लागतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पायरीवर बसून त्यांनी दाखला उघडला. नावाच्या रकान्यात चार शब्द होते: तिचं, तिच्या बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं. खुद्द तिच्या नावातही तिच्या वाट्याला एकच शब्द आला होता, आणि उरलेल्या जागेत पुरुषमंडळी बसली होती. त्या दिवशी त्या पायरीवर उस्ताज फिक्री थोडे रडले. येणारे-जाणारे बघत होते, पण त्या पायरीवर रडणारे ते काही पहिले नव्हते.

शिक्का पाचव्या दिवशी बसला, तोही अर्धाच. गरुडाला एकच पंख आला. अडतिसावा दिवस होता. खिडकीतल्या तरुणीनं पंखाकडं दुर्लक्ष केलं, ओळी मोजल्या आणि म्हणाली, "काका, तुम्ही घेतलेल्या चौकटीत हे बसत नाही. एक ओळ जास्त आहे. मोठी चौकट आता पुढच्या आठवड्यात."

"पुढच्या आठवड्यात चाळिसावा नसेल."

"मग एक ओळ काढा. पाच वाजता खिडकी बंद."

फिक्रींनी खिडकीच्या फळीवरच कागद ठेवला आणि पेन उघडलं. उद्योगपतींवर पेन ठेवलं आणि मोबाइल वाजला. उद्योगपतीच होते, छापून कधी येतंय विचारत होते. पेन न्यायाधीशांकडं सरकलं तेव्हा कुवेतचा फोन आला. ब्रिगेडियरांना काढावं तर त्याच जिन्यानं वर जायचं होतं. एकतीसही माणसं जिवंत, धडधाकट, आणि प्रत्येकाकडं फोन. फोन करून तक्रार करू शकणार नाही असं त्या कागदावर एकच माणूस होतं, आणि खिडकीतल्या तरुणीचं बोट न बोलता नेमकं त्याच ओळीवर टेकलेलं होतं.

"ती नाही," फिक्री म्हणाले. आवाज जरा मोठा निघाला. मग त्यांनी नावाखाली रिवाजापुरती घातलेली स्वतःची अख्खी ओळ शांतपणे खोडली: पाणीपुरवठा खात्याचे निवृत्त अधीक्षक उस्ताज फिक्री अब्दुलमौला यांच्या पत्नी. ओळ बरोबर एक होती. कागद देताना त्यांना हलकं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आपण तिच्यासाठी काही धड केलं, असं वाटलं.

चाळिसाव्या दिवशी सकाळी सात वाजता ते पेपरच्या टपरीवर उभे होते. शेवटून दुसरं पान. चौकट होती, काळी किनार होती. एकतीस नावं होती, उद्योगपती उद्योगपतीच होते. आणि सर्वांत वर, ठळक अक्षरांत: उस्ताज फिक्री अब्दुलमौला यांच्या पत्नी. तफीदा कुठंच नव्हती.

पहिला संशय अर्थात सुहागवर गेला. त्यांनी थेट कार्यालयात फोन लावला. मुद्रितं तपासणारा गृहस्थ मोठा सज्जन निघाला.

"आपण उस्ताज फिक्री? बघा, बरं झालं मी जागा होतो ते. आपल्या गडबडीत आपलं स्वतःचं नावच राहून गेलं होतं, आणि भलतीकडे बाईंचं नाव उघडं पडलं होतं. फॉर्मवरून आपलं नाव घेतलं आणि त्याच जागी बसवलं. दुःखात होतं असं. आभार कसले त्यात."

फिक्रींनी आभार मानले नव्हते. पण त्या माणसाच्या आवाजात एवढं समाधान होतं, की शेवटी त्यांनी मानून टाकले. मग टपरीसमोरच्या कट्ट्यावर बसून त्यांनी पेपर मांडीवर घेतला. दुसरी कोणतीही शिक्षा चालली असती, पण निदान स्वतःचंच नाव पुन्हा वाचायला लागू नये, असं त्यांना वाटत होतं.

सूर्यास्ताच्या नमाजानंतर मशिदीशेजारच्या सभागृहात ते दाराशी उभे राहिले. शेजारी हाजी खलफ, डोक्याला शुभ्र पागोटं, सुहागहून बसभर माणसं घेऊन आलेले. त्यांनी पेपर वाचला होता.

"ऐकलंत माझं, दाजी. बरं केलंत," ते म्हणाले आणि त्यांनी फिक्रींचा खांदा दाबला.

कारी कुराणपठण करत होता. एक भाग संपला की बसलेली माणसं उठायची, हात मिळवून बाहेर पडायची आणि नवी आत यायची. पहिले आले नशअत बे, छातीवर बिल्ले लावून.

"उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो, उस्ताज."

याला ठरलेलं उत्तर आहे. माणूस ते झोपेतही देतो. फिक्रींनी तोंड उघडलं आणि ते उत्तर आलंच नाही.

"तफीदा," ते म्हणाले. "तिचं नाव तफीदा होतं."

ब्रिगेडियर गोंधळले. बावीस वर्षं एका जिन्यावर राहून त्यांनी हे नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलं होतं. "बरं," ते म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. शेजारी हाजी खलफ ताठ झाले.

पुढच्या माणसालाही फिक्रींनी तेच सांगितलं. त्याच्या पुढच्यालाही. पहिल्या दोन-चार वेळा शब्द अडखळला, मग सरावला. उद्योगपतींना वाटलं ही काहीतरी नवी दुवा असावी. त्यांनी ती भक्तिभावानं परत म्हटली. तिसऱ्या-चौथ्या माणसाला हाजींनी खोकून बघितलं. मग दातांतल्या दातांत म्हणाले, "दाजी, पुरे. माझी माणसं ऐकताहेत."

"ऐकू देत, हाजी," फिक्री म्हणाले. "मी अडतीस वर्षं तिला हाक मारलेली नाही. आज तरी मारू द्या."

हाजींनी तोंड फिरवलं. त्याच वेळी त्यांच्या समोर बिनसाखरेच्या कॉफीचं तबक थांबलं आणि पुढं सरकेना. तबक धरणारा सभागृहाचाच माणूस होता, पन्नाशीचा, टक्कल पडलेला. या घराशी त्याचा काही संबंध नव्हता. रोज कोणाची तरी कॉफी तो फिरवायचा.

"तफीदा म्हणालात?" त्यानं विचारलं. "तफीदाबाई? कालव्याजवळच्या शाळेच्या? पहिली ब?"

फिक्रींनी मान हलवली.

त्या माणसानं तबक खुर्चीवर ठेवलं. "माझं नाव शफीक. आठ टिंबं येतात माझ्या नावात. सगळा वर्ग हसायचा, माझी टिंबं कायम सांडायची, कमी पडायची. बाईंनी हात धरून गिरवून घेतलं. म्हणायच्या, नुसता ठिपका देऊ नकोस, पोकळ गोल काढ मण्यासारखा. मणी मोजता येतात, हरवत नाहीत. अजून तसंच लिहितो मी." त्यानं ओल्या बोटानं तबकाच्या कडेवर आपलं नाव काढलं, आठ मण्यांसकट. "कोणाचा चाळिसावा आहे ते फलकावर वाचलं होतं मी. पण तिथं उस्ताजांचंच नाव होतं." मग वयानं मोठे दिसले म्हणून त्यानं हाजींचा हात हातात घेतला. "उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो. आपण कोण बाईंचे?"

हाजी खलफ त्या ओल्या अक्षरांकडं बघत होते. फिक्रीही बघत होते. नऊ नावांचा तो कागद अजून त्यांच्या खिशात होता, आणि ते मणी त्यांनी आधी कुठं पाहिले होते ते त्यांना आता आठवलं: हाजींच्या सहीत, आणि चाळीस दिवसांपूर्वीपर्यंत स्वयंपाकघरातल्या किराण्याच्या प्रत्येक चिठ्ठीत.

सुहागची बसभर माणसं मागं बसली होती. हाजींनी पागोटं उगाच सारखं केलं.

"मी तफीदाचा भाऊ," ते म्हणाले. ते बांधावरून बोलायचे तसं, सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. मग खालच्या आवाजात, त्या एकट्याला, "मलाही तिनंच शिकवलं. मी एकवीस वर्षांचा होतो तेव्हा, आणि ती चौदाची. कुणाला सांगितलं नाही तिनं कधी."

शफीकनं त्यांच्या हातात कॉफीचा पेला दिला. हाजींनी तो दोन्ही हातांनी धरला, पण प्यायले नाहीत.

बायकांच्या दाराशी गलबला झाला म्हणून फिक्रींनी वळून पाहिलं. सनियाबाई आत येत होत्या, आणि त्यांच्यामागं काठ्या टेकत, एकमेकींना धरत, शाळेतल्या सात-आठ म्हाताऱ्या. पेपरावर विसंबायचं नाही असं त्यांनी या खेपेला ठरवलेलं दिसत होतं. दारावरच्या माणसानं त्यांना कोणाकडचे म्हणून विचारलं, आणि सनियाबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघत सांगितलं, की तफीदाकडचे.

रांगेतला पुढचा माणूस हात पुढं करून केव्हाचा उभा होता. अनोळखी होता, कदाचित रऊफच्या सासऱ्यांच्या भावांपैकी कोणी. फिक्रींनी त्याचा हात हातात घेतला.

"मी तफीदाचा नवरा," त्यांनी सांगितलं, आणि त्याला बसायला जागा दाखवली.